खिडकीखालचा वाफा

अकोला,
६ मार्च

प्रिय प्रणाली,

सासूचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनच केला असता, पण माझा फोन अंकुर रोज पाहतो. कोणाला लावला, कोणाचा आला, सगळं विचारतो. म्हणून शेजारच्या जमुनाच्या हाती हे पत्र अन् सोबत एक खोकं पाठवते आहे. ती उद्या परतवाड्याला माहेरी चालली आहे. तिथून तिचा भाऊ शेखर चिखलदऱ्याला तुझ्या शाळेत येऊन खोकं देईल. ते हळू उघड, आत तुझं ग्लॉक्सिनियाचं झाड आहे.

सतरा तारखेला अमरावतीच्या कोर्टात तुमची तारीख आहे, हे मला माहीत आहे. देवानंद भाऊजींच्या घरी बैठक बसली होती तेव्हा प्रश्न एवढाच होता, अंकुरनं तुला मारलं की तू ओल्या फरशीवर घसरलीस. तू माझ्याकडे पाहिलंस. अन् मी सगळ्यांसमोर म्हटलं, मी बागेत होती, मले काही दिसलं नाही. त्या दिवसापासून तुला लिहीन लिहीन म्हणते आणि कागद घडी करून ठेवून देते. आधी झाडाचं सांगते, ते सोपं आहे.

झाड जिवंत आहे, पण अर्धंच. कपाळाला पट्टी बांधून तू कोजागिरीच्या आदल्या दिवशी गेलीस. दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडली आणि डिसेंबरात वाफा पार सपाट झाला. मी म्हटलं, गेलं बाप्पा! थंड मुलखातलं झाड, आपल्या अकोल्यात दोन उन्हाळे काढले हेच खूप. पण तू किती खटपट केली होतीस त्याच्यासाठी! काळी माती पाणी धरते म्हणून पातूरहून रेती अन् मुरूम आणवलास. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली वीतभर उंच वाफा केलास, सकाळचं ऊन अन् दुपारी सावली मिळेल असा. एप्रिल लागला की वर हिरवी जाळी, बुडाशी गारव्याला गव्हाचं कुटार. तुझे मामाजी हसायचे, सून आता झाडाले कूलर लावते का म्हणून. आणि मागच्या मार्चात भोंग्यासारखी तीन गुलाबी फुलं आली, तर तेच गल्लीतल्या लोकांना बोलावून बोलावून दाखवत होते. मलाही ती फुलं फार आवडली होती गं. तुला कधी म्हटलं नाही एवढंच.

संक्रांत झाल्यावर मी कुदळ घेतली. रिकामी माती आपल्या लोकांच्या डोळ्यांत खुपते, तुला ठाऊक आहे. म्हटलं सांबारासाठी धने टाकू, थोडी मेथी टाकू. दुसऱ्याच घावाला कचकन् आवाज झाला. पाहते तर मुळ्याएवढं जाड मूळ मधोमध तुटलेलं, आतून पांढरं, ओलं, चांगलं जिवंत. हे हिवाळ्यात झोपतं, वरून काही दिसत नाही, तेव्हा त्याला हात लावू नका, असं तू बजावलं होतंस. मी ऐकलं होतं प्रणाली, तरी कुदळ मारली. तिथंच बसून रडले. मग डोक्याकडचा तुकडा राख लावून कुंडीत रेतीत पुरला, तीन बोटं खोल, तू पुरला होतास तसाच. फेब्रुवारी सरता सरता कोंब वर आला.

आता इथं त्याचं काय करू, मला कळत नाही. मार्चातच अंगण तापून राहिलंय. जाळी बांधायला मला वर चढवत नाही. मामाजी म्हणतात, फेक ते. परवा अंकुरनं जातायेता कुंडी लाथेनं सरकवली, तर मी त्याला एक शब्द बोलले नाही. चाळीस वर्षांत या घरात मी कोणालाच काही बोलले नाही. तुझ्याकडे गारवा आहे, तिथं जगेल ते. उतारावर लाव, पावसाळ्यात बुडाशी पाणी साचू देऊ नकोस आणि गोगलगायींवर नजर ठेव.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. मी बागेत होते, एवढं खरंच होतं. नवरात्रातल्या अष्टमीच्या दुपारी मी त्याच वाफ्याला पाणी देत होते, आणि वाफ्यापासून खिडकी दोन हातांवर आहे. फरशी कोरडी होती. अंकुरनं तुझे केस धरून तुझं डोकं दाराच्या चौकटीवर दोनदा आपटलं. तू मला हाक मारलीस. मी पाइप हातात धरून तशीच उभी राहिले, वाफा भरून पाणी माझ्या पायांवर आलं तरी. हे पत्र तुझ्या वकिलाला दे. कोर्टात बोलावलं तर माझ्या तोंडून हेच निघेल, याचा मला भरवसा नाही. पोटचा पोरगा समोर उभा असला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तिथं मी पुन्हा नाही म्हणाले, तर माझं ऐकू नकोस, हा कागद दाखव. म्हणून खाली नाव पूर्ण लिहिते आहे.

तुझीच सासू,
दुर्गाबाई खुशालराव गावंडे