पाहुण्यांची झोपमोड

२ फेब्रुवारी, सकाळ
आधी आली ती शिवणवालीच. पाहुणे यायच्या आधी पाहुणे बघायला. राहते समोर, मशीन खिडकीत आणि डोळे माझ्या दारात. म्हणाली, काकू, परदेशातून कोण येतंय म्हणे? मी म्हटलं, परदेशातून नाही गं, सगळे देश फिरून येतायत. त्यात फरक असतो. तेवढ्यात टॅक्सी थांबली. आधी उतरला टोपीवाला, मग बॅगा, मग दुर्बीणवाली. नवरा-बायको, पन्नाशी उलटलेली. दोघं अगदी आपल्यासारखं बोलतात. बाईंची दुर्बीण चहा पितानाही गळ्यातून निघाली नाही. कपात बुडेल म्हणून माझाच जीव वर-खाली.

एवढं जग पाहिलं आणि शेवटी यावंसं वाटलं ते माझ्या घरी. मुलानं इंटरनेटवर फोटो टाकलाय, तो बघून आले. फोटोत घर फार छान आलंय. वरच्या खोलीच्या भिंतीत छताजवळ भोक आहे, तिथं घुबड बसलेलं आलंय, तेवढं कापता आलं असतं. पण मुलाला घाई.

मुलाचा औषधांचा धंदा, सदा फिरतीवर. त्याचं म्हणणं, आई, या महिन्यात गेस्ट टिकले तर ठीक, नाहीतर वरची खोली माझ्या खोक्यांना. टिकतील. न टिकायला काय झालं? पंधरा तारखेपर्यंत राहणारेत.

ठरवलंय : कमी बोलायचं. गुडघ्यामुळे जिना चढायचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तीनदा चढले. एकदा चादर द्यायला, एकदा पाणी द्यायला, एकदा उगीच. गुडघ्याला व्यायाम हवाच असतो.

टोपीवाल्यानं पहिलाच प्रश्न केला, आजी, वरचं ते भोक किती जुनं? आल्या आल्या घराचा इतिहास विचारणारा पाहुणा लाखात एक. मग मी अर्धवट कशाला सांगू? सासऱ्यांनी विटा कुठून आणल्या तिथून धरलं. भोकापर्यंत पोचायच्या आत जेवायची वेळ झाली. उद्या पुढचं.

४ फेब्रुवारी
कमी बोलणं आजपासून. काल विषयच तसे निघाले.

टोपीवाला सांगत होता, एका देशात पांढरं घुबड बघायला हे दोघं बर्फात तंबू ठोकून बसले, तर बाईंच्या पायाची बोटं बधिर झाली. आणखी एका देशात मोठा पडका राजवाडा, आत राजाचं थडगं, थडग्यावर घुबडाचं घरटं. राजाचं नाव गावात कुणाला ठाऊक नाही, घुबड मात्र सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, राजाच्या मागं घरच्यांनी साफसफाई ठेवली नसणार, दुसरं काय. तिसऱ्या देशात म्हणे दारात घुबडाची मूर्ती ठेवतात, घरात अक्कल नांदावी म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे आहे, मूर्ती नको. दुर्बीणवाली हसली. तिला माझं बोलणं आवडतं.

मग म्हणाली, हे तुमच्याकडचं आता कुठं उरलं नाही हो आजी, जपा. मी सांगितलं, जपतेच, गोळी वेळेवर घेते.

५ फेब्रुवारी
पाहुणे झोपत नाहीत! सून म्हणाली, रात्रभर गच्चीत असतात, पांघरूण घेऊन, टॉर्चला लाल कागद लावून. सकाळी दोघांचे डोळे सुजलेले. आणि का सुजणार नाहीत? ते मेलं घुबड रात्रभर किंचाळत असतं, त्यांच्या डोक्यावरच. माझे कान जरा मंद झालेत म्हणून माझं भागतं. पण केवढी माणसं भली! तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. उलट टोपीवाला म्हणाला, काय सुंदर रात्र गेली. सुनेनं शिकावं असं.

सुनेचं म्हणणं, आई, त्यांना तेच हवंय. शिवणवालीही खिडकीतून ओरडली, काकू, अहो घुबडच बघायला आलेत ते, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मी म्हटलं, तू तुझ्या मशीनला तेल घाल. विमानाचं तिकीट काढून कोणी घुबड बघायला येतं? तेही माझ्याकडचं?

ठरवलं. सुताराला निरोप.

६ फेब्रुवारी, दुपार
पाहुणे म्युझियम बघायला गेलेत, जुनी भांडी वगैरे. सुतार वेळेवर आला, हेही एक आश्चर्य. शिडीवर चढून म्हणाला, आजी, आत कोणीतरी आहे. मी म्हटलं, त्यासाठीच तर बोलावलंय बाबा. पहिल्या ठोक्याला ते बाहेर आलं. भर उन्हात. बिचकून समोरच्या पत्र्यावर बसलं, मान फिरवून माझ्याकडे बघितलं, तोंड पांढरं, पीठ लावल्यासारखं. मग मागं कावळे लागले आणि ते गेलं ते गेलंच.

अंडी-पिल्लं काही नव्हती. बादलीभर पिसं आणि उंदरांची हाडं निघाली. फिनेल ओतलं, फळी ठोकली, वर पांढरा रंग. सून मुलाला सारखा फोन लावत होती, लागला नाही. बरं झालं, पाहुण्यांना सरप्राइज.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
दाखवलं. म्हटलं, आता झोपा निवांत.

टोपीवाल्यानं टोपी काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोक्यावर एक केस नाही. दुर्बीणवाली फळीकडे बघत राहिली, दुर्बीण न लावता. मग म्हणाली, रंग छान दिलाय.

मी म्हटलं, आभार कसले, पाहुण्यांसाठी एवढं करायलाच हवं.

८ फेब्रुवारी
टोपीवाल्यानं सुताराला बोलावून फळी काढायला लावली. हवा खेळती राहावी म्हणून असेल. तरी दोघं रात्री गच्चीतच. सवय लागली की सुटत नाही.

सकाळी त्यांचा चहा तसाच राहिला होता, साय आलेला. मुलाशी फोनवर बोलणं झालं. म्हणाला, आई, तू... आणि फोन ठेवला. लहानपणापासून तो वाक्य अर्धं सोडत नाही.

सुतारानं आणलेल्या फळीचं काय करायचं ते सुचत नाही. जिन्याखाली ठेवली आहे.

१० फेब्रुवारी
गेले. पंधरा म्हणाले होते. म्हणाले, पुढचं एक बेट गाठायचंय.

टॅक्सीत बसताना मी विचारलं, झोप तरी लागली का? दुर्बीणवालीनं माझा हात धरला. हो आजी, लागली. डोळे तसेच सुजलेले. मग विचारलं, परत कधी? टोपीवाला म्हणाला, ते परत आलं की. मी म्हटलं, ही काही तारीख नाही झाली. तेव्हा बाईंनीच सांगितलं, पुढच्या वर्षी, आलो त्याच दिवशी.

वर जाऊन चादर काढली. घड्या मोडलेल्या नव्हत्या. मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. गुडघा दुखत होता, तेवढं कळत होतं.

२८ फेब्रुवारी
खोके आले. छतापर्यंत लावले. मुलाला एवढंच म्हटलं, भोकाखालचा कोपरा मोकळा सोड. त्यानं कारण विचारलं नाही, सोडला.

आज शिवणवाली आली. मशीनवरचं कापड दाखवायला, कुरतडलेलं. म्हणाली, काकू, गल्लीत उंदीर फार झालेत हो, आधी नव्हते. तुमच्या वरच्या खोक्यांना लागले का?

मी काही बोलले नाही. महिन्याभरात कमी बोलायचं एकदा तरी जमलं.

दोन फेब्रुवारी, पुढच्या वर्षी. वार कोणता येतो ते सुनेला विचारायचं आहे.