बंद नळाचा बर्फ

८ एप्रिल १९८४, राजारामपुरी

१. लीलाताईंच्या घरी वरची खोली मिळाली.
२. उद्यापासून वर्कशॉपात फ्रिजदुरुस्तीची नोकरी.
३. खाली स्वयंपाकघरात अमेरिकेहून आणलेला फ्रिज आहे. दारातच पाण्याचा नळ, आत आपोआप बर्फ पाडणारं यंत्र. बर्फ पडायचा थांबत नाही.
४. तो बघून देईन, असं मी कबूल केलं.

खोली हवेशीर. आनंदात आहे. स्वयंपाकाच्या बायडाबाई शिरोळच्या, फ्रिजसमोरच झोपतात. माझी हत्यारं बघून म्हणाल्या, बाईमाणसानं पाना धरल्यावर नवऱ्यानं भाकरी थापायच्या व्हय? थापू दे की, म्हटलं. त्या हसल्या, तसं फुटलेल्या ओठांतून रक्त आलं.

१० एप्रिल

बर्फाची पेटी भरली की तारेची दांडी वर उचलली जाते आणि यंत्र थांबतं. दांडी ठीक आहे. झडप गळत असेल म्हणून भिंतीतला नळ बंद केला, नळीही सोडवली. सकाळी पेटी काठोकाठ. हवेतल्या दमटपणानं एवढा बर्फ होत नाही. एक खडा चाखला. खारट लागला.

१३ एप्रिल

बायडाबाई दोन दिवस भावाकडे, केरबांकडे जाऊन आल्या. त्या नव्हत्या तेव्हा पेटी रिकामी. काल रात्री परत आल्या, आज भरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, असं आम्हाला शिकवलं आहे. दुसरं काहीच बदललेलं नव्हतं. त्यांच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्या म्हणाल्या, उन्हाळा हाय, दुसरं काय न्हाय.

१४ एप्रिल

प्लग काढला. बायडाबाईंना भावाकडे जायला सकाळच्या एस.टी.त बसवलं. मग लीलाताईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ठाऊक आहे. आधीची बाईही अशीच सुकत गेली, संक्रांतीला वारली. पण जावई यायचेत, बर्फ तर लागणारच की. मग हसून विचारलं, तुला खाली झोप लागेल ना?

मी नाही म्हटलं. उद्या खोली सोडते.

१५ एप्रिल

वर्कशॉपातून आले तर फ्रिज माझ्या खोलीत. हमालांकरवी चढवलाय. सामान उचलायला आत गेले आणि बाहेरून कडी —

प्लग जोडलेला नाही. तरी आत खडे पडताहेत.

१६ एप्रिल

ओरडून घसा बसला. माठ संपवला. बर्फ खाल्ला — तहान वाढली. पोटऱ्यांत गोळे. रडू येतं, पाणी येत नाही.

लीलाताई दाराबाहेरून म्हणाल्या, बायडाबाईला तार केलीय, शुक्रवारी येईल. तेवढी कळ काढ, बाळ.

१७ एप्रिल

केरबांना पत्र लिहिलं. पाकीट चिकटेना. जिभेला ओल नाही. हाक निघत नाही; वहीच खिडकीतून दूधवाल्या पिराजीकडे टाकते, तो पोचवेल —

केरबादादा, तारेवर विश्वास ठेवू नका. बायडाबाईंना पाठवू नका. मी गावी गेले असं लीलाताई सांगतील — खोटं — मी इथंच —

बायडाबाईंना पाठवत नाही, एवढं गुरुवारपर्यंत कळवा. मला नको, पिराजीला. मी तोवर