माझ्या वाटणीचं वावर, बत्त्यांची पेटी आणि हाडातला मगज

लिहून ठेवणार उकंडराव वल्द महादेवराव गावंडे, वय सव्वीस, धंदा गॅसबत्त्या भाड्याने देणे व दुरुस्त करणे, राहणार कागदोपत्री मौजे बोरखेडी, तालुका मूर्तिजापूर, आणि खरं विचाराल तर जिथे जत्रा भरली असेल तिथे. माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही, आणि सकाळपासून चहाखेरीज काही घेतलेलं नाही.

आधी कबूल करतो की हे लिहायची मी फार टाळाटाळ केली. बहिरमच्या जत्रेत लिहायला बसलो, तर शेजारच्या राहुटीतली बत्ती भकभकायला लागली. ती नीट करेपर्यंत मटणाची हंडी शिजली, आणि हंडी शिजल्यावर कोणी मृत्युपत्र लिहितं का? मग शकुंतला रेल्वेच्या डब्यात बसून पुन्हा सुरुवात केली. ती गाडी इतकी सावकाश चालते की मी उतरून बोरं तोडली आणि परत चढलो. तेवढ्यात कागद खिडकीतून उडून गेला होता. आता मात्र संध्याकाळच्या मेलने मुंबईला निघायचं आहे, म्हणून अकोल्यास मोरोपंत वकिलांच्या ओसरीवर बसून लिहीत आहे. पंत आमच्या वडिलांच्या वेळेपासून आमचे कागद पाहतात. वरचा मजकूर वाचून ते म्हणाले, "उकंडराव, हे मृत्युपत्र आहे की जत्रेचं वर्णन?" तरी खोडू दिलं नाही.

कलम पहिले. कारण.

माझा जुळा भाऊ खुशालराव याला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. पोळ्याला बैल सजवता सजवता तो खाली बसला. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, आणि कुठे नुसतं बोट लागलं तरी अंगावर निळा डाग उठायचा. अकोल्याचे डॉक्टर कमलाकांत यांच्या गोळ्यांनी आणि बाटलीच्या रक्ताने थोडा उतार पडला आहे. पण हा उतार टिकणार नाही, हे त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितलं.

डॉक्टरांचे गुरू मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात याच रोगावर शोध करत आहेत. त्यांचा बेत असा. रक्त हाडातल्या मगजात तयार होतं. खुशालचा मगज नासला आहे. तेव्हा आधी किरणं मारून तो सगळा, बरावाईट न निवडता, जाळून टाकायचा. जसं हरळीनं भरलेलं वावर पेरण्याआधी जाळतात. मग मला गुंगी देऊन माझ्या कमरेच्या हाडातून सुईने मगज ओढायचा आणि बाटलीतल्या रक्तासारखा खुशालच्या शिरेत सोडायचा.

मी विचारलं, "शिरेत सोडल्यावर तो हाडात कसा जाईल?"

डॉक्टर म्हणाले, "आपला आपण जातो. वाट कशी सापडते ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही."

मला हे फार आवडलं. माझ्या अंगातलं काहीतरी कोणाला पत्ता न विचारता सरळ घरी पोचतं, ही गोष्ट मायला सांगितली तर तिचा विश्वास बसायचा नाही.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ते म्हणाले, परदेशात एकसारख्या जुळ्यांमध्ये हे करून पाहिलं आहे. काहीजण चालत घरी गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांचा रोग काही महिन्यांनी परतला. वचन मात्र ते देऊ शकत नव्हते.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी तरी आजवर कोणाला वचन दिलं? चला."

गुंगीतून क्वचित एखादा माणूस उठतच नाही, असंही ते म्हणाले. म्हणून हा कागद.

कलम दुसरे. माझ्या दंडाविषयी, कारण गावात भलतंसलतं बोललं जात आहे.

मगज चालायचा तर आम्ही दोघे एकाच बीजाचे जुळे हवेत. नाहीतर माझा मगज खुशालच्या अंगात शिरून त्यालाच परका समजेल आणि त्याच्यावर उलटेल. ते पाहण्यासाठी डॉक्टरांनी खुशालच्या कातडीचा नखाएवढा तुकडा काढून माझ्या डाव्या दंडावर शिवला. माझ्या अंगाने तो ठेवून घेतला तर आम्ही एक, आणि टाकला तर वेगळे. पट्टी बांधून मला घरी जाऊ दिलं. इथेच घोटाळा झाला. काही दिवसांनी पट्टी सोडली तर तुकडा काळाठिक्कर, भोवती फोड, आणि हात खांद्यापर्यंत सुजलेला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अंगानं नाकारलं," एवढंच म्हणाले. खुशाल खाटेवरून उठला आणि म्हणाला, "देवानं नाही म्हटलं. आता मले घरी न्या." त्याची बायको, सुभद्रावैनी, त्याला घेऊन बोरखेडीला गेली.

आमची माय मैनाबाई तिथेच भिंतीला टेकून बसली होती. दोघे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, म्या बिब्बा लावला म्हून तं नाही न झालं?"

"काय लावलं?"

"बिब्बा. सुई तापवून त्याचं तेल लावलं, पट्टी सरकवून. लेकरायच्या जखमेले तेच लावत आलो आमी. नजरही लागत नाही."

बिब्बा कोणाकोणाच्या अंगावर कसा उततो, हे सांगायला नको. डॉक्टर स्टुलावर बसून इतके हसले की नर्स धावत आली. मग त्यांनी मायवर न रागावता खुशालच्या मांडीवरून आणखी एक तुकडा आणवला, म्हणजे स्वतः मोटार घेऊन बोरखेडीला गेले आणि त्याला पुष्कळ विनवून तुकडा तिथेच काढून घेऊन आले. हा दुसरा तुकडा उजव्या दंडावर शिवला आणि मला मायपासून दूर, दवाखान्यातच ठेवलं. तो गुलाबी राहिला. आता तर त्यावर लव आली आहे. डॉक्टर म्हणाले, "हा तुमच्या अंगाला परका वाटतच नाही." याउपर कोणी आम्हाला वेगवेगळे म्हणेल त्याने माझा उजवा दंड पाहावा.

कलम तिसरे. खुशालचा नकार.

खरी अडचण इथे आहे आणि ती कोणत्याही वकिलाला सोडवता येणार नाही. तुकडा धरला हे कळवूनही खुशाल यायला तयार नाही. त्याने शेजारच्या गोवर्धनजवळ निरोप पाठवला: एकदा कौल भेटला तो भेटला, दुसऱ्यांदा देवाले विचारत नसतात. गोवर्धनजवळच मी उलट निरोप दिला की तिकिटं काढली आहेत, मी मेलमध्ये बसणार, मुंबईला जाऊन त्या टेबलावर झोपणार, पुढे त्याची मर्जी. तो आला नाही तर माझ्या या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही आणि खुशालला उन्हाळा दिसणार नाही. तरी लिहितो. मला सुरू केलेलं काम पुरं करायची सवय नाही, एकदा करून पाहू.

कलम चौथे. वावर.

वाटणीत माझ्या नावे आलेलं विहिरीकडचं काळं वावर आणि बांधावरची दोन निंबाची झाडं खुशालराव यास द्यावी. नांगर तोच धरतो, मी फक्त हुरड्याच्या वेळी येतो. साक्षीदार म्हणून खुशालचं नाव कसं राहील असं मी पंतांना विचारलं. ते म्हणाले, "ज्याला मिळायचं त्याचीच साक्ष घेऊ नये. पुढं भाऊबंद बोट दाखवतात. हा आमचा दस्तूर." तेव्हा एक साक्ष पंतांची, आणि दुसरी रस्त्याने जो बरा माणूस जाईल त्याची.

कलम पाचवे. बत्त्यांची पेटी.

चार गॅसबत्त्या, पिना, वॉशर, जाळ्या आणि पत्र्याची पेटी हे सर्व माझा जोडीदार धर्मपाल यास. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन तो इतका सरळ चालतो की नवरदेव घोड्यावर हलतो पण बत्ती हलत नाही. पाचवी बत्ती अंजनगाव सुर्जीच्या एका वरपित्याने लग्नात "जरा राहू द्या" म्हणून ठेवून घेतली, ती अजून त्याच्या माजघरात जळते. त्याला मी अर्धी माफी देतो. उरलेली अर्धी माफी, बत्ती परत आल्यावर.

कलम सहावे. पार्बताबाई.

आमच्याआधीची दोन भावंडं गेली होती. आम्ही जन्मल्यावर मला नजर लागू नये म्हणून मायने मला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं, शेजारच्या पार्बताबाईने उचललं, आणि मायने सुपभर कोंडा देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. माझं नाव तिथून आलं. तुकडा काळा पडला तेव्हा गावात बोलले, हा तर विकतचा, याचं कातडं कसं जुळेल? पार्बताबाई सगळ्यांना पुरून उरली. म्हणाली, "म्या इकला तवा पारखून इकला. आतून-बाहेरून तोच होता." तिला मायने त्या वेळी कबूल केलेलं हिरवं लुगडं अजून मिळालेलं नाही. ते माझ्या पेटीतल्या पैशांतून घ्यावं. काठ मोठा असावा, नाहीतर ती पुन्हा भांडेल.

कलम सातवे. माझं शरीर.

मी गुंगीतून उठलो नाही, तर डॉक्टरांना माझ्या हाडांतून, रक्तातून जे शिकायचं असेल ते आधी शिकू द्यावं, मग जाळावं. मायने रडून अडवू नये. कधी दुसरी कोणी जुळी भावंडं या रोगाने त्या दवाखान्यात आली तर त्यांना आमची हकीकत सांगावी, बिब्ब्यासकट. मी दुःखी नाही, हे इथे लिहून ठेवतो. हिंडून घेतलं आहे. आणि ज्याला गावाने आजवर बिनकामाचा म्हटलं, त्याच्या हाडात एवढी कामाची चीज निघाली, याचा मला मनातून फार आनंद आहे.

कलम आठवे. माझी सायकल

इथे थांबलो, कारण फाटकाशी टांगा थांबला आणि पंत ओरडले, "अहो उकंडराव, हे पाहा कोण!"

आधी सुभद्रावैनी उतरली, वळकटी घेऊन. मग तिच्या खांद्यावर हात टाकून खुशाल.

मी म्हटलं, "तू काहून आला?"

"तू एकटाच मुंबईले जाऊन काय करशीन, बह्याडा? मगज कोनाले देशीन, टीसीले?"

"अन् तो देवाचा कौल?"

"देवाचा नाही, मायाच मनाचा होता." ओसरीच्या पायरीवर बसून त्याने दम खाल्ला. "कमरेत सुई घालतेत म्हने. तू लंगडा झाला तं? मी वावर सोडून कुठं गेलो कधी? तू हिंडून येते अन् मले सांगते, तेच मायं हिंडनं. ते बंद करून मी कशाले जगू?"

"डॉक्टर म्हणाले, आठ दिवस दुखते. मग पळ म्हणाले."

"हेच तुया वैनीजवळ सांगतलं त्यायनं. म्हून आलो. दाखव दंड."

मी बाही वर केली. त्याने बोटाने तुकडा चाचपला. "हे मायं कातडं?"

"तुयंच. पण खाजवते मले."

तो हसला. मग त्याने हा कागद पंतांकडून वाचून घेतला. चौथ्या कलमाशी त्याने हात वर केला. "हे खोडा पंत. साक्षीले मानूस पाहिजे न? मी घालतो साक्ष. ह्याच्या मरनातून मले काही नाही पाहिजे. जित्तेपनी जे देऊन राहिला, तेवढं घेईन."

पंतांनी चष्मा काढून पुसला आणि दौत पुढे केली.

कलम चौथे खोडले. खाडाखोड मला मान्य. वावराचं परत आल्यावर पाहू. सायकलचंही.

येणेप्रमाणे लिहिलेलं मी वाचून पाहिलं, जसं बोलतो तसंच आहे. सही माझ्या हाताची.

उकंडराव महादेवराव गावंडे

आमच्यासमोर उकंडराव यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. मोरोपंत हरिहर पाध्ये, वकील, अकोला
२. खुशालराव महादेवराव गावंडे, मौजे बोरखेडी, ज्यास या कागदान्वये काहीही मिळत नाही

मुक्काम अकोला, दिनांक १७ फेब्रुवारी १९६४. मेलला अवकाश आहे. खुशाल जेवायला बसला असून त्याने दुसरी भाकर मागितली आहे.