हलगी शेकायला जागा

शनिवार, दुबई

आजच्या क्लबातही माझी हलगी बोलली न्हाय. एसीच्या गारठ्यानं कातडं ढिलं पडलं आणि आवाज आला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. आमच्या बँडचा मालक अण्णा, त्यानं दुसऱ्याच गाण्याला हातानं खुणावून मला थांबवलं. गावाकडं हिंडलग्यात चार कागद पेटवून शेकली की कशी कडाडते ही! इथं काडी ओढली तर आगीचा भोंगा वाजतो म्हणे.

दुपारी सगळे उंच इमारतीपुढं फोटो काढत होते आणि मी हलगी काखेत मारून जाळ शोधत फिरत होतो. खरं तर परदेश बघायला मिळतोय म्हणूनच मी आलतो ना? शेवटी एका गल्लीत तंदूरवाला भेटला. "ही रोटी लई मोठी हाय की," म्हणून हसला. पण उद्या संध्याकाळी भट्टीपाशी शेकू देतो म्हणाला.

अण्णाला सांगितलं, तर म्हणतो, "संध्याकाळी वाळवंटाची गाडी हाय रं, परत कधी बघणार? रात्री शेवटचा कार्यक्रम, इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजव की. हलगीचा आवाज हाय त्यात."

मग मला कशाला आणलं? तो डबाच धाडायचा होता बेळगावातनं. आणि हलगी न वाजवता सांब्र्याच्या विमानतळावर उतरलो तर आमच्या गल्लीत काय सांगू?

उंटावरचा फोटो पाठवतो म्हणून आक्काला कबूल केलतं. आता तंदूरवाल्याचा पाठवीन. हलगी त्याच्या हातात देऊन काढीन.