ॲलर्जी : नाही

४ फेब्रु., मंगळ.
दवाखान्यात गडबड. राजापूरचे हसनचाचा, जहाजावरचे जुने खानसामे, पायाची जखम चिघळली म्हणून आलेले. पेनिसिलीन दिल्यावर दोन मिनिटांत चेहरा सुजला, श्वास घेता येईना. मोठ्या इस्पितळात हलवलं. दवाखान्याच्या स्क्रीनवर, मी बनवलेल्या नोंदींच्या प्रोग्राममध्ये, 'ॲलर्जी : नाही' होतं. डॉ.चा फोन: "नीता, तुझ्या प्रोग्राममध्ये काही नाही ना?"
"नाही," म्हटलं. न बघता. तव्यावर घावन होतं.

५ फेब्रु.
चाचा बेशुद्ध. खापर सुवर्णा सिस्टरवर, तिने विचारलंच नसेल म्हणतात. पंधरा वर्षं आहे तिथे. आता घरी बसवलंय. मी कोड उघडला नाही. कामं होती. (कसली?)

६ फेब्रु.
उघडला. जुन्या पेशंटांच्या नोंदींची जेसन फाइल सुवर्णा सि.च्या एक्सेलवरून केलेली. रकान्यांची मराठी नावं तिने टाइप केलेली, तीच कीज, म्हणजे माहिती शोधायची नावं. चाचांच्या नोंदीत स्वच्छ आहे: ॲलर्जी, पेनिसिलीन. माझ्या प्रोग्राममधला पेशंट-क्लास तीच की मागतो, तरी मिळत नाही! तासभर डोकं फोडलं. शेवटी एकेक कॅरॅक्टर छापून पाहिलं. माझा ॲ हे एकच अक्षर. तिच्या कीबोर्डचा म्हणजे अ, आणि वरचा चंद्र वेगळा. दिसायला एक, फाइल वाचणाऱ्या पार्सरला दोन.
आणि की सापडली नाही तर 'नाही' दाखव, ही ओळ माझी. रकाना रिकामा वाईट दिसतो म्हणून. 'माहीत नाही' लिहायला काय झालं होतं? लाज वाटते.

७ फेब्रु.
सि. बाजारात दिसली. मी वळणार, तेवढ्यात तिनेच हाक मारली. "नीताताई, चाचांनी मला सांगितलंनी होतं. मी लिवलेलं पण. आता माझं मलाच वाटतंय, लिवलं नसेल काय?"
मनाला लावून घेऊ नका म्हटलं. एवढंच. तिची ओळ माझ्या लॅपटॉपमध्ये, आणि ती स्वतःवर संशय घेत्ये.

९ फेब्रु., रवि.
दुरुस्त केलं. शोधण्याआधी दोन्ही ॲ सारखे करून घ्यायचे. की नसेल तर 'माहीत नाही, विचारा'. जुन्या नोंदी परत चालवल्या, आणखी अकरा जणांची ॲलर्जी वर आली. शुक्र-शनि दवाखाना चालू होता. यांतलं कोणी आलं असतं तर? मला गुरुवारीच कळलं होतं.

१० फेब्रु.
चाचांनी डोळे उघडलेत. बोलत नाहीत अजून.
सकाळीच जाऊन दुरुस्ती दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर चढवली, अकरा नावांची यादी डॉ.समोर ठेवली. त्यांनी नावं वाचली. मग परत तेच: "म्हणजे त्या दिवशी तुझ्याकडचं काही नव्हतं ना?" जिभेवर 'नाही' आलं होतं. गिळलं. म्हटलं, "सिस्टरना बोलवा. त्यांच्यासमोर सांगते."
डॉ.च्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहित्ये. चाचांच्या नोंदीतली तिची ओळ छापून हातात धरल्ये. फाटकाशी तिची स्कूटी थांबली. निसटायचं तर मागचं दार उघडंच आहे. मी बाकावरच.