झाकणाच्या हँडलखालची फुली

मी काशीनाथ आत्माराम पडवळ, वय अडुसष्ट, राहणार नवघर रोड, भाईंदर पूर्व, माझ्या मागे माझ्या मिळकतीचं काय व्हावं ते या कागदावर लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. माझा मुलगा चंदन गेलं वर्षभर नातेवाइकांना सांगत फिरतोय की बाबांना चळ लागलाय, चांगला माल हातोड्याने फोडतात. म्हणून डॉक्टर पंढरीनाथ सावे यांना मुद्दाम समोर बसवलं आहे. त्यांनी मला वार विचारला. मी शनिवार सांगितला, आणि सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे हेही सांगितलं. वाचलो तर हा कागद फाडून नवा लिहीन.

१. राहती जागा माझी सून क्षितिजा हिला द्यावी. चंदनने तिथे राहावं की नाही हे तिने ठरवावं. माझी कैलासवासी पत्नी सुचेता हिच्या पाटल्या मुलगी रसिका हिला. रसिकाने त्या मोडून नवीन घडणावळ करू नये, मोह होईल तरी.

२. माझी लोखंडी शिडी सोसायटीच्या सेक्रेटरींनी पंखा पुसायला म्हणून नेली, ती आजतागायत त्यांच्याकडेच आहे. ती आता त्यांचीच. वर चढताना माझी आठवण काढावी, आणि जपून चढावं.

३. मिळकत कशातून झाली ते सांगतो, म्हणजे पुढची कलमं समजतील. एक्स्चेंज मेळ्यात बायका जुना कुकर देऊन नवा घेतात. दुकानात बिघडलेले कुकरही परत येतात. असा परत आलेला माल मी दुकानदारांकडून उचलायचो आणि गाळ्यावर दोन ढीग करायचो. पहिल्यातले कुकर दुरुस्त करून, नवी रबरी रिंग घालून, दुरुस्त केलेला म्हणूनच विकायचे. दुसऱ्या ढिगात झाकणाची पकड झिजलेले. ते हातोड्याने चेपायचे आणि भट्टीवर पाठवायचे. त्याच धातूचा पुन्हा पत्रा होतो, पत्र्याचं पुन्हा भांडं होतं. काही वाया जात नाही, फक्त आधीचा आकार मोडावा लागतो. झिजलेला कुकर दिसायला ठणठणीत असतो. महिनाभर शिट्ट्याही नीट देतो. मग एक दिवस झाकण सुटतं, आणि तेव्हा समोर बाईच उभी असते.

दोन वर्षांपूर्वी छातीत दुखायला लागलं तेव्हा गाळा चंदनच्या हाती दिला. त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर हातोडा बंद केला. अख्ख्या कुकरला गिऱ्हाईक चढा भाव देतं म्हणे. बफच्या चाकावर घासून चकचकीत करायचा, नव्या खोक्यात घालायचा, की तो नवाच. मला रोज हातोडा झेपत नव्हता. म्हणून मी झिजलेल्या प्रत्येक झाकणाचं हँडल उघडून त्याखाली पोलादी पंच ठोकून फुली मारू लागलो. तिथे बफचं चाक पोचत नाही. चंदनलाही ते सांगितलं होतं, त्याने फुलीचा माल बाजूला ठेवावा म्हणून.

४. पोस्टातली माझी सगळी ठेव चेणे गावच्या गोदूबाई यांना द्यावी. गेल्या वर्षी त्या गाळ्यावर आल्या. एक डोळा मिटलेला, गालाची कातडी ओढलेली. लुगड्याच्या फडक्यात कुकर बांधून आणला होता.

"हा घ्या परत," म्हणाल्या. "तुमच्याकडंच येतात ना समदे?"

चंदन म्हणाला, "मावशी, तुम्ही गॅस मोठा ठेवला असणार."

"पैसं न्हाय मागत मी. आता ह्यो कुनाच्या घरात जायला न्हाय पायजे, येवढंच."

त्या वळून गेल्या, आणि चंदनने तो कुकर बफच्या ढिगावर टाकला. माझ्या डोळ्यांदेखत. मी तो उचलून तिथेच सपाट केला. मला चळ लागल्याची बातमी त्या दिवसापासूनची आहे. पोटच्या पोराची इतकी किळस येऊ शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

५. गाळा, बफचं मशीन, हातोडा, पंच आणि मागच्या भिंतीशी रचलेले कुकर हे सर्व क्षितिजा हिला. दिवाळीच्या मेळ्यात आलेला हा माल फुलीचा आहे, सगळाच्या सगळा. तो तिने फोडावा. झाकण हातात घेतलं की तिला पकड कळते, मीच शिकवलं आहे.

६. चंदनला काही नाही. कारण लिहितो.

गेल्या महिन्यात क्षितिजाने घरासाठी नवा कुकर मागितला. चंदनने गाळ्यावर पाच कुकरांची हँडलं उघडून पाहिली, तेव्हा कुठे एक घरी आणला. मी मागे उभा होतो. म्हणजे त्याला सगळं समजतं.

काल जेवताना मी क्षितिजासमोर विचारलं, "सोमवारी जे कुकर टेम्पोत भरतोयस, त्यातला कुठलाही एक उचल. हँडल न उघडता. उद्यापासून क्षितिजा त्यात भात लावेल. चालेल?"

"बाबा, जेवताना काय हे."

"चालेल का ते सांग."

क्षितिजा हातातला डाव तसाच धरून त्याच्याकडे बघत होती. तो हात धुऊन उठला. आज उजाडायच्या आत वसईला जातो म्हणून निघूनही गेला. ज्या दिवशी तो "चालेल" म्हणेल आणि करून दाखवेल, त्या दिवशी क्षितिजाने गाळा त्याच्या नावे करावा.

७. बाकीची कलमं मी मेल्यावर लागू. कलम पाच आजच लागू. सोमवारी मी टेबलावर असेन आणि टेम्पो गाळ्यासमोर उभा असेल, तेवढी वाट बघता येणार नाही. हे वाचून शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "काकाजी, ऐसा कलम होता है क्या?" नसेल होत. माझी किल्ली घेऊन क्षितिजा मघाशीच गाळ्यावर गेली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: काशीनाथ आत्माराम पडवळ

साक्षीदार: १. डॉ. पंढरीनाथ सावे २. हंसा किरीट शाह

ठिकाण: भाईंदर पूर्व
दिनांक: १७ नोव्हेंबर २००७

दुरुस्ती: सह्या होत असतानाच क्षितिजाचा गाळ्यावरून फोन आला. टेम्पो पहाटेच भरून गेला. कुठे गेला ते वॉचमनला ठाऊक नाही. सबब कलम पाचमधील "मागच्या भिंतीशी रचलेले कुकर" हे शब्द खोडले असून त्या जागी "परत येतील ते कुकर" असे वाचावे.

खाडाखोडीवर सह्या: का. आ. पडवळ, पं. सावे, हंसा शाह