खाली ठेवलेला पेला

अम्मान, मंगळवार

प्रिय रुदैना,

तुझं पत्र मिळालं. धावायचे बूट धाकटीला देऊन टाकलेस, हे वाचून संताप आला. तुझा नाही. आधी शुक्रवारचं ऐक.

दुपारच्या नमाजानंतर दारात नऊ माणसं उभी. पुढे ॲथलेटिक्स महासंघाच्या अध्यक्षांचे काका. मुलीला मागणी घालायला येतात तसा लवाजमा. या वयात मला स्थळ आलं की काय, म्हणून शेजारीण खिडकीतून वाकली होती. माझा भाऊ गालिब याने कॉफी ओतली. काकांनी पेला ओठाला लावला नाही, समोर खाली ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय घोट नाही. पाहुणा तसाच उठला तर घराण्याची नाचक्की, हे तुला सांगायला नको.

मागणं अध्यक्षांच्या भाचीसाठी. "इनआमबाई, पोर तुमचीच समजा. अर्ध्या सेकंदाने कुणाचं काय बिघडतं?" निवडीच्या शर्यतीत तू आणि ती वेगवेगळ्या तुकड्यांत धावलात, म्हणून आशियाई स्पर्धेला कोण जाणार ते मी नोंदवलेल्या वेळांच्या तक्त्यावर ठरणार. मी म्हटलं, "शेख, घड्याळाला काका-मामा नसतात." ते हसले. "घड्याळाला नसतील, तुम्हाला भाऊ आहे ना?" आणि गालिब, ज्याचा मुलगा त्याच महासंघात चिकटलाय, माझ्याकडे न बघता म्हणाला, "प्या, शेख, प्या! काम झालंच समजा." नऊ पेले एकदम उचलले गेले.

अध्यक्षाचा मेहुणा प्रशिक्षक, व्याही संघाचा डॉक्टर. त्याला खांदा आणि गुडघा ओळखू येत नाही. तीस वर्षं मी या वशिल्यांना नाक मुरडत आले. ते तसले, मी वेगळी. वेगळी कसली!

तू विचारलंस, "बाई, मी खरंच कमी पडले का?" नाही. तू दोन मिनिटं सात पूर्णांक एक सेकंदात आलीस, ती सात पूर्णांक सहा. शनिवारी वेळा बदललेला नवा तक्ता मी भरला. अक्षर माझं, सही माझी. मूळ तक्ता सोबत आहे. अपिलाची मुदत गुरुवारपर्यंत. साक्षीदार म्हणून माझं नाव घाल, मी येऊन सगळं सांगेन. गालिबला सकाळीच कळवलं. त्याने बोलणं टाकलं. टाकू दे. तू बूट परत माग. माफ कर असं लिहिणार होते, पण तोही तुझ्यापुढे पेला ठेवण्याचाच प्रकार झाला असता.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
इनआमबाई